आडाचं घर की हौदाचं

माझ्या थोरल्या जाऊबाई लोणी गावच्या. माहेरी नदीवरून पाणी वाहून त्यांच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते, ते पुण्यात वीस वर्षं राहूनही भरले नाहीत. कुणाकडे हळदीकुंकवाला गेलो तरी त्यांची नजर आधी परसात. पाणी जवळ असेल तर ते घर चांगलं, मग माणसं कशी का असेनात.

त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीला दोन स्थळं एकदमच आली. पत्रिका दोन्ही जुळत होत्या, मुलगे दोघेही धडधाकट. शनिवार पेठेतल्या घरी परसात स्वतःचा आड होता. नारायण पेठेतल्यांना श्रीमंत पेशव्यांनी बांधलेल्या हौदावरून पाणी आणावं लागे. थोरल्या दिरांनी निवड बायकोवर सोपवली होती आणि संध्याकाळी भटजी निरोप न्यायला येणार होते. जाऊबाईंचं आडाचं घर ठरलंच होतं. माझंही मत तेच.

दुपारी घेवडा निवडताना त्या लेकीला म्हणाल्या, "नशीबवान आहेस. दोर सोडला की पाणी."

"आणि तिथं कोण असतं?"

"कोण असायचंय? आड असतो."

"मग बोलायचं कुणाशी? वाकून बघितलं तर आपलंच तोंड. हौदावर सगळ्याजणी असतात."

"डोक्यावर घागर घे, मग कळतील सगळ्याजणी!"

"रोज मीच तर आणते. काकू पाठवते मला."

मी मान खाली घालून घेवडा निवडू लागले. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात टाळूकडे गेला आणि तिथंच राहिला.

संध्याकाळी दिरांनी विचारलं, "आडाचंच कळवू ना?"

"हौदाचं."

"काल तर आड आड करत होतीस!"

"डोकं माझं दुखायचं. तिनं का एकटीनं पाणी काढावं?"

भटजी नारायण पेठेकडे निघाले.

स्वतःची आवड कुठून आली ते ओळखून ऐन वेळी बाजूला ठेवणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. मला ते जमलं नाही. माझ्या लेकीला मी आडाचंच घर बघितलं, तिला न विचारता. तिची तक्रार नाही. पण माहेरी आली की पाय धुण्याआधी घागर उचलते, हौदावर जाते आणि दोन घटका परतत नाही.