बावीसात नसलेली लाथ

कापसाचं गाठोडं उचलताना माझ्या कंबरेत उसण भरली, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. राळेगावच्या डॉक्टरांनी बाजेवर झोपायला मनाई केली. म्हणाले, कडक फळीवर पडून राहा. घरात फळी कुठली? नवऱ्याने मधल्या खोलीच्या दाराचं एक कवाड काढलं, जमिनीवर टाकलं आणि मला त्यावर ठेवलं.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, लगेच निकाल देऊन मोकळ्या झाल्या. "काही दिस पाहू. नाही उठली त माहेरी धाडू. बरी झाली का येईन वापस."

शेजारची सून अशीच बरी व्हायला माहेरी गेली होती. तिच्या चुलीपुढे आता दुसरीच बाई भाकरी थापत होती. मला कंबरेपेक्षा त्या दुसरीची धास्ती जास्त. निदान हात तरी कामाचे दिसावेत म्हणून मी उताणी पडूनच जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली.

मामंजी, म्हणजे सासरे, नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हाच त्यांनी घरातले देव नदीत सोडले होते. आता रोज संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागायची आणि सगळ्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या. नवस, अंगारा, उतारा, सगळं बंद. आत्याबाईंनी ते निमूट सोडलं. पण माझ्या कंबरेवरचा इलाज त्यांच्या डोळ्यांसमोर रोज जेवायला बसत होता. पायांकडून जन्मलेल्या माणसाची, म्हणजे पायाळूची, लाथ लागली की उसण जाते हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. आणि गावात पायाळू एकच, मामंजी.

"अवो, एक हलकीशी लाथ मारा ना पोरीले," आत्याबाई म्हणाल्या.

"अंधश्रद्धा हाये थे. आन सुनेले लाथ मारू? डोकं फिरलं का तुयं?"

"बावीसात कोठी हाये पायाळू? मी रोज म्हणून राह्यली. देवाचं हाये, श्राद्धाचं हाये, दारूचं हाये. लाथीचं नाही."

मामंजींचे ओठ हलले. त्यांनी मनातल्या मनात सगळ्या प्रतिज्ञा तपासल्या असाव्यात. मग ते बाहेर निघून गेले.

आत्याबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी मुद्दाम दिवा लावला नाही. माझं कवाड ओढत उंबऱ्यापाशी आणलं, मला पालथं केलं आणि वरून गोधडी टाकली. "हालू नको. थे आले का पाय लागनच."

बेत चांगला होता. फक्त माझी सवय कुणी विचारात घेतली नव्हती. आमच्यात सून सासऱ्यापुढे तोंड उघडत नसे. त्यांची चाहूल लागली की उठायचं, पदर घ्यायचा, बाजूला व्हायचं. मामंजी खाकरले. मी गोधडीसकट उठायला गेले. त्यांना ते कपड्यांचं बोचकं वाटलं होतं आणि ते ओलांडायला त्यांनी नुकताच पाय उचलला होता. बोचकंच उठलेलं पाहून ते "अरे बाप्पा!" करत मागच्या मागे पाठीवर आपटले. पाय मला लागलाच नाही.

मामंजींच्या पाठीसाठी दाराचं दुसरंही कवाड निघालं. मामंजी बाहेरच्या खोलीत, मी मधल्या. दार उरलंच नव्हतं, म्हणून मध्ये एक लुगडं टांगलं. "आता पायाळूले पायाळू कोठून आणू?" असं पुटपुटत आत्याबाई दोघांना शेकत होत्या.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी लुगड्यापलीकडून आवाज आला, "सूनबाई, लय दुखते का वं?"

सासरे माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा कमी."

ते हसले, हसताना कण्हले. गोधडी लांबीने लुगड्याखालून पलीकडे गेली होती. थोड्या दिवसांनी त्यांनी सुईदोरा मागितला आणि त्या टोकाने शिवू लागले. बोटभर लांबीचे टाके, तेही वाकडे. ते झोपले की मी ते टोक हळूच ओढून घ्यायची, उसवायची आणि नीट टाके घालून परत सरकवायची. उठले की स्वतःशीच म्हणायचे, "हात बसून राह्यला आता."

पण दोन आजाऱ्यांचं करताना आत्याबाई पिचून गेल्या. त्यांनी माझ्या माहेरी निरोप धाडला. दादा गवत अंथरलेली बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. आत्याबाईंनी माझं गाठोडं बांधलं. मला त्यांचा राग आला नाही, त्यांचे सुजलेले पाय दिसत होते. पण शेजारच्या चुलीवरचा भाकरीचा वास आला आणि मला ती दुसरी आठवली. गोधडी तेवढी घडी करायला ओढली.

ती येईना. पलीकडून कुणीतरी घट्ट धरली होती.

"पाव्हणे," मामंजींचा आवाज आला, "बैलं सोडा, जेवून घ्या. आमची सून नाही येत."

"अवो, मी एकटी कोठी कोठी पुरू?" आत्याबाई म्हणाल्या.

"पोरगा भरंन पाणी. मी पडल्या पडल्या भाजी चिरतो. पण सून गेली त माये टाके कोण उसवंन? मी झोपलो म्हणून समजते थे."

दादा बैलं सोडायला गेला. लुगड्यापलीकडून गोधडीचं टोक माझ्याकडे सरकलं. त्यात सुई तशीच टोचलेली होती. मी डोळे पुसले आणि ते जागे असतानाच उसवायला घेतलं.