भरिताच्या पंगतीतलं इंग्रजी
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला अजूनही माझ्या चुलतभावाचा राग येतो. असोद्याच्या शाळेत आम्ही दोघं आठवीत, एकाच वर्गात होतो. इंग्रजीच्या सरांनी नुकताच प्रेझेंट परफेक्ट शिकवला होता आणि तो काही भावाच्या डोक्यात शिरत नव्हता. शेवटी गोठ्यासमोर बसवून मीच त्याच्याकडून ‘आय हॅव ईटन’ शंभरदा घोकून घेतलं. त्या रविवारी माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सरांना मळ्यात भरिताला बोलावलं. केळीच्या पानांवर पुरुषांची पंगत बसली, त्यात भाऊही बसला. मी आई-काकूंबरोबर वाढत होते, कारण आमच्यात बाया-पोरी मागून जेवायच्या. धुराने डोळे चुरचुरत होते, समोर झणझणीत भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि माझ्या पोटात कावळे. जेवणं झाल्यावर मी सरांच्या हातावर पाणी घालत होते, तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, “हॅव यू ईटन?” उत्तर जिभेवर होतं, पण उपाशीपोटी खोटं कसं बोलू? आणि ‘नाही जेवले’ हे कसं म्हणायचं ते अजून शिकवलं नव्हतं. तेवढ्यात भाऊ ढेकर देत ओरडला, “आय हॅव ईटन, सर!” सरांनी खिशातला शाईचा पेन काढून त्याला दिला. आबा खूश होऊन म्हणाले, “पाहा, आमचं पोरगं इंग्लिश बोलतं! पोरी, त्याच्या हातावर बी पानी घाल वं.” मी घातलं. तो पेन त्याने आठ दिवसांत हरवला. आज मी शाळेत इंग्रजी शिकवते, तरी भरिताचं बोलावणं आलं की सगळ्यांच्या आधी माझं पान मांडते आणि वाढायला त्याला उभं करते.