मोझेलची छोटी कात्री

या गोष्टीचा पडदा उघडला की समोर एक लाकडी चौकट दिसायला हवी, मोझेल प्रुइटच्या घरात आढ्याला दोऱ्यांनी टांगलेली. थंडीत ती खाली उतरायची, तिच्यावर गोधडी ताणली जायची आणि भोवती आम्ही बायका सुया घेऊन बसायचो. काम थांबलं की दोऱ्या ओढून चौकट वर, आणि तिच्या जागी जेवणाचं टेबल.

अलाबामातल्या आमच्या नदीकाठच्या वस्तीत गोधडीसाठी कुणी नवं कापड आणत नसे. झिजलेल्या विजारी, पिठाची पोती, गेलेल्या नवऱ्याचा शर्ट, सगळं तिच्यात जायचं. आमच्या पणज्या गुलामीत जन्मल्या. त्यांना अक्षर शिकायची बंदी होती. त्यांच्या हातचं मागे उरलं ते असल्या चिंध्यांतच. गावोगावच्या तंबूंत गाऊन-नाचून मी म्हातारपणी घरी परतले, तेव्हा माझा टिकल्यांचा लाल घागरा मोझेलने मागून घेतला. म्हणाली, "एवढी वर्षं नाचला बिचारा. आता झोपू दे त्याला."

वस्तीतल्या प्रत्येक नवरीला सगळ्यांच्या हातची गोधडी मिळायची. कुणाचे टाके वाकडे आले तरी तोंडावर बोलायचं नाही, हा रिवाज. बायका घरी गेल्या की मोझेल गळ्यातल्या काळ्या फितीला अडकवलेली छोटी कात्री काढायची, वाकडे टाके उसवायची आणि तांदळाच्या दाण्याएवढे बारीक टाके घालायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर्वांत जास्त कॉरीनला, कारण तिची अख्खी बाजूच उसवली जायची. तरी ती दर वेळी हजर. "माझे टाके काही उद्यापर्यंत राहत नाहीत," ती म्हणायची, "खाल्लेलं तरी पोटात राहू दे," आणि पीच फळं भरून भाजलेल्या गोड पायचा मोठा तुकडा उचलायची.

मग मोझेलला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. तिच्या नातीचं, डेल्फीनचं, लग्न ठरलेलं. त्या गोधडीचे तुकडे मोझेलने आधीच जोडून ठेवले होते, चौकोनात चौकोन, घराच्या छपरासारखे. राहिले होते फक्त वरचे टाके. आजवर वस्तीतली एकही नवरी मोझेलच्या टाक्यांशिवाय सासरी गेली नव्हती.

चौकट उतरली. मोझेल आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि डाव्या हातात सुई धरली. मी दोरा ओवून दिला. पहिला टाका शेंगेएवढा पडला. दुसरा त्याहून लांब, तिरपा.

एक ओळ झाली आणि मोझेलने सुई खाली ठेवली. गळ्यातली फीत काढून तिने कात्री कॉरीनपुढे सरकवली.

"घे. माझी ओळ उसव. डेल्फीनच्या गोधडीत वाकडं नको."

कॉरीनने चष्मा लावला आणि ओळीवरून बोट फिरवलं. हिशेब चुकता करायची अशी संधी तिला पुन्हा मिळणार नव्हती.

"अगं बाई, हे तर माझे टाके! चोरताना लाज नाही वाटली तुला?"

मोझेलचं अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं. "उसव म्हटलं ना."

"जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासारखं शिवलं, आणि ते मीच उसवू? वेडी की काय!" कात्री तिच्या एप्रनच्या खिशात गेली. "सरक तिकडे. तुला शिकवायला बसते."

"मुलीची गोधडी आहे, कॉरीन. थट्टा नाही."

चुलीपाशी उभी असलेली डेल्फीन पुढे आली. "आजी, बारीक टाके मला दिवा लावून शोधावे लागतील. हे अंधारातही बोटाला लागतील. राहू दे ना."

मोझेलने सुई पुन्हा डाव्या हातात घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नटीबाई, तोंड मिटा आणि दोरा ओवा."

ती गोधडी डेल्फीनबरोबर तिच्या सासरी, डेट्रॉइटला गेली. एका बाजूला मोझेलच्या ओळी, शेजारी कॉरीनच्या, एकही टाका न उसवलेला.

पुढच्या थंडीत चौकट पुन्हा उतरली. मोझेलच्या डाव्या हाताला आता बरंच वळण लागलं होतं. टाके मसुराएवढे पडत होते. कॉरीनच्या ओळीकडे एक नजर टाकून तिने हात पुढे केला.

"माझी कात्री दे."

"कुठली कात्री?" कॉरीन म्हणाली आणि पीच पायचा तुकडा उचलला.