अर्धा सूर खाली

टोनी कधी फोन करत नाही. तो खोकत-खाकरत आवाजी निरोप पाठवतो आणि तेही सकाळी दहानंतर, कारण त्याआधी ड्रमर माणसाने उठू नये असा त्याचा तारुण्यापासूनचा नियम आहे. त्यामुळे भल्या सकाळी मी मंडईत मेथी निवडत उभा असताना मोबाइलवर त्याचं नाव दिसलं, तेव्हाच काहीतरी वाईट घडलंय हे मी ओळखलं. "दिनू गेला रे," तो म्हणाला. "चहा घेता घेता गेला." मी फोन कानाला धरून मेथी चिवडत राहिलो. समोरची भाजीवाली शेवटी म्हणाली, "घ्यायची का भाऊ, का नुसतीच चिवडायची?" मी दोन जुड्या उचलल्या आणि चालू लागलो. घरी येऊन पाहतो तर एक मेथीची आणि एक शेपूची. आमच्या घरात शेपू कुणी खात नाही.

या पुरवणीच्या वाचकांपैकी ज्यांचे केस माझ्यासारखे पांढरे झाले आहेत किंवा उरलेच नाहीत, त्यांना 'नाईट ट्रक' हे नाव कदाचित आठवेल. नाशिकमध्ये इंग्रजी रॉक वाजवणारा आमचा चौघांचा बँड. दिनू गिटारवर, टोनी ड्रमवर, सुभाष बेस गिटारवर आणि मी गायक. मुंबई-आग्रा रस्त्यावरून रात्रभर ट्रक जायचे, म्हणून ते नाव. टोनीच्या मोठ्या ड्रमवर नाव रंगवायला आम्ही जो पेंटर धरला, तो आयुष्यभर ट्रकच रंगवत आलेला. त्याने नावाभोवती दोन कमळं, एक गरुड आणि खाली बुरी नजर उतरवणारा काळा जोडा काढून दिला. आम्ही हादरलो, पण दिनू म्हणाला, "असू दे. नजर तर लागणारच आहे." सुभाषच्या घरची मखमलाबादच्या बाजूला फुलशेती. त्यांच्या फुलं ठेवायच्या शेडमध्ये आमची तालीम चाले आणि त्यांच्याच टेम्पोतून, झेंडूच्या करंड्यांमध्ये ॲम्प्लिफायर खोचून, आम्ही कार्यक्रमाला जात असू. स्टेजवर उतरलो की चौघांच्या अंगाला झेंडूचा वास. परदेशातले रॉकवाले कसले कसले वास अंगावर घेऊन स्टेजवर जात असतील ते असोत, आम्ही दसऱ्यासारखे घमघमत जायचो.

दिनू मात्र संगीताच्या घरातला. त्याचे वडील, आप्पा, सरकारी कचेरीत शिपाई होते आणि वस्तीतल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवत. जयंतीच्या दिवसांत त्यांना क्षणाची उसंत नसे. मी दिनूच्या घरी गेलो की ओट्यावर बसून त्यांची तालीम पाही. कुणी नवा गायक आला तर आप्पा त्याला तुझी पट्टी कोणती असं विचारत नसत. "दोन ओळी गुणगुण," एवढंच म्हणत. तो गुणगुणायला लागला की आप्पांची बोटं पेटीवर फिरत फिरत नेमकी त्याच्या सुरावर जाऊन बसत. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. मला गिटारचं वेड, पेटीकडे कोण बघतो!

आता आमच्या बँडची प्रसिद्ध गोष्ट. त्या काळी इंग्रजी गाणी मिळणं मुश्कील. टोनीच्या मुंबईच्या चुलतभावाने भरून दिलेल्या कॅसेटी आणि दिनूच्या घरचा जुना टेपरेकॉर्डर, हेच आमचं विद्यापीठ. त्या टेपचा आतला रबरी बेल्ट सैल झालेला. त्यामुळे कॅसेट हळू फिरायची, गाणं रेंगाळायचं आणि सूरही खाली यायचा. आम्हाला हे कुठे ठाऊक! दिनू घरी ऐकून ऐकून गाणी बसवायचा, शेडमध्ये येऊन आम्हाला शिकवायचा आणि आम्ही इमानेइतबारे तशीच रेंगाळत, खालच्या सुरात वाजवायचो. नाशिककरांना ती आवडायची. हरसूलला एका लग्नात आम्ही वाजवत होतो, तेव्हा एक म्हातारी अगदी स्टेजला लागून बसली होती. गाणं संपल्यावर तिने टोनीला विचारलं, "हे कंच्या देवाचं गानं हाय?" टोनी म्हणाला, "लय लांबच्या, आजी." तिने दोन्ही हात जोडले. यापेक्षा मोठी दाद आम्हाला नंतर कधीच मिळाली नाही.

पुढे आम्हाला पुण्याच्या एका कॉलेजच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. त्याच सुमारास दिनू एके दिवशी म्हणाला, "लोक पेंगतात रे, जरा वेगात घेऊ." आम्ही वेग वाढवला. टोनी खूश झाला, कारण त्याला तेच हवं होतं. पुण्यात आम्ही जीव तोडून वाजवलं. मी त्या दिवशी जसा गायलो तसा त्याआधी गायलो नव्हतो, हे आजही बेधडक सांगतो. परीक्षक शांतपणे उठले आणि माइकवर म्हणाले, "छान. ताल पक्का आहे, वेग बरोबर आहे, गायकाचा आवाज मोकळा आहे. फक्त सगळी गाणी मूळ सुरापेक्षा अर्धा सूर खाली आहेत. नाशिकला हे असंच वाजतं का?" सगळं सभागृह हसलं. माझे कान तापले. तेवढ्यात दिनू पुढे झाला, माझ्यासमोरचा माइक ओढून म्हणाला, "सर, चूक माझी. आमचा टेप ढिला आहे. बेल्ट सैल झालाय." हशा दुप्पट झाला, पण आता तो दिनूवर होता. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. दुसऱ्या एका बँडच्या पोरांनी दिनूला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते त्याने आम्हाला सांगितलं नाही. परतीच्या एसटीत मी त्याचं बारसं केलं, 'ढिल्या'. ते नाव चिकटलं ते कायमचं. त्याच्या लग्नात मी त्याच नावाने आहेर दिला. त्याने इंदिरानगरला गिटारचा क्लास काढला तेव्हा उद्घाटनाच्या भाषणात मी ही गोष्ट रंगवून सांगितली. तो सगळ्यात मोठ्याने हसायचा.

बँड काही वर्षं चालला आणि मग आपोआप थांबला. कुणी भांडलं नाही, कुणी बाहेर पडलं नाही. सुभाषच्या घरच्यांनी शेड पाडून पॉलिहाऊस उभं केलं, टोनी आखातात गेला, मला नोकरीत बढती मिळाली. पण टोनी परतल्यावर दर जयंतीला, नाताळला आणि दसऱ्याला आम्ही दिनूच्या क्लासच्या खोलीत जमायचो आणि तीच गाणी वाजवायचो. मूळ रेकॉर्डी आता बोटाच्या टोकावर मिळू लागल्या होत्या. मी एकदा म्हणालोही, "ढिल्या, आता तरी तारा चढव की!" तर म्हणाला, "सवय झाली रे. आणि वर ओढल्या की तुटतात." माझ्या निवृत्तीच्या समारंभात पोरांनी कराओके ठेवलं होतं. मी हौसेने आमचं लाडकं गाणं लावायला सांगितलं. वरची ओळ आली आणि माझा आवाज असा फाटला की पहिल्या रांगेतले साहेब खाली बघू लागले. दिनू उठला. "यंत्र तापलंय," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत त्याने दोन-तीन बटणं दाबली. "आता म्हण." मी म्हटलं, आणि टाळ्या थांबेनात. कितीतरी दिवस मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो, की टेपच्या बाबतीत ढिला असलेला आमचा दिनू कराओके मात्र चुटकीसरशी दुरुस्त करतो.

दिनूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याला आदरांजली वाहायला, मला बोलायला सांगितलं. त्याच्या विद्यार्थ्यांनी वस्तीतलं सभागृह भरलं होतं. काही तर आपापल्या पोरांना घेऊन आले होते. रडवेलं बोलणं दिनूला आवडलं नसतं, म्हणून मी ढिल्या टेपची गोष्ट सांगितली. लोक डोळे पुसता पुसता हसले. पुढच्या रांगेत त्याची बायको, शोभावहिनी, बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. मला वाटलं, चुकलंच आपलं, आज ही गोष्ट नको होती.

दोन-तीन आठवड्यांनी त्यांनीच बोलावलं. दिनूची मुलगी प्रज्ञा क्लास पुढे चालवणार आहे, तेव्हा खोली जरा आवरायची होती. वहिनींनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? रागवू नका. तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"टेपचा बेल्ट. तो पुण्याला जायच्या आधीच बदलला होता. माझ्या वडिलांचंच रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं ना, तिथे घेऊन आले होते हे. बेल्ट मीच बसवला. तेव्हाच तर ओळख झाली आमची."

मी म्हणालो, काहीतरी गफलत होत असेल, सूर तर त्यानंतरही खालीच होता. आणि म्हणता म्हणताच परीक्षकांचं वाक्य कानात वाजलं. वेग बरोबर आहे. टेप ढिला असता तर वेगही ढिला असता! इतकी साधी गोष्ट, ती मला उभ्या आयुष्यात सुचली नाही.

"नवा बेल्ट बसवल्यावर गाणी खऱ्या सुरात ऐकली त्यांनी," वहिनी सांगत होत्या. "तारा चढवून तालमीला आले. तुम्ही वरच्या ओळीला अडकलात. घसा बसलाय म्हणालात."

आठवलं. शेडमधली ती संध्याकाळ लख्ख आठवली. मी फरसाणाला दोष दिला होता. दिनूने तारा परत उतरवल्या होत्या आणि मी पुन्हा सहज गायलो होतो. दुसऱ्या दिवशीही तारा उतरवलेल्याच होत्या आणि त्यानंतर रोजच. माझ्या निवृत्तीच्या दिवशी कराओकेचं यंत्रही तापलं नव्हतं; बटणं दाबून त्याने सूरच खाली आणला होता.

"पुण्याची पोरं त्यांना म्हणाली होती, तू आमच्याकडे ये, नाहीतर गायक बदल. मी विचारलं, मग? तर म्हणाले, गळा त्याचा आहे, तारा माझ्या आहेत. तारा उतरवता येतात, गळा कसा चढवणार? आप्पांनी हेच तर शिकवलं." त्यांनी चहा गाळून कप माझ्या हातात दिला. "मला राग यायचा हो, भाऊजी. तुम्ही ढिल्या म्हणायचात ना, तेव्हा फार राग यायचा. मी म्हणायची, सांगा ना एकदा खरं काय ते. तर म्हणायचे, सांगितलं तर तो गायचा थांबेल."

मी चहाचा कप हातात धरून बसलो. काय वाटलं ते सरळ सांगतो. आधी लाज वाटली. मग थोडा रागही आला, की लेका, मला इतका कच्चा समजलास? आणि मग जे आलं ते आवरता आलं नाही. वहिनी आत निघून गेल्या. मी मनसोक्त रडलो. बायकोलाही कधी वाटली नसेल एवढी काळजी त्याने माझ्या आवाजाची घेतली. आयुष्यभर एक टिंगल स्वतःच्या अंगावर वागवली आणि माझ्या हसण्यात हसत राहिला. रॉक म्हणजे बंड, ठरलेलं मोडणं, असं आम्ही तेव्हा लांब केस वाढवून एकमेकांना सांगायचो. आमच्यात ठरलेलं मोडलं ते एकट्या दिनूने. साऱ्या जगाच्या रेकॉर्डी एका सुरात आहेत, असू देत. आपला गायक जिथे गातो तिथे आपण वाजवायचं. आप्पांच्या पेटीचा कायदा त्याने इलेक्ट्रिक गिटारला लावला.

क्लासच्या खोलीत त्याची गिटार नेहमीच्या खिळ्याला टांगलेली आहे. पट्ट्याला अजून, खरं वाटणार नाही, जुन्या झेंडूसारखा वास येतो. किंवा मलाच येत असेल. प्रज्ञाने ती खाली काढली, मांडीवर घेतली आणि तारा छेडल्या. इतक्या दिवसांत कुणी हात न लावल्याने त्या उतरल्या होत्या, बेसूर बोलत होत्या. तिने मोबाइलवर सूर लावायचं ॲप उघडलं.

"काका, बरोबर सुराला लावून टाकू? का बाबा ठेवायचे तिथे?"

"तिथेच ठेव."

"पण ते म्हणजे अगदी नेमकं अर्धा सूर खाली नाही. त्याहून कणभर वर की खाली असायचं. बाबा ॲप वापरायचेच नाहीत. मला कसं कळणार कुठे ते?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या. "काकांना गायला सांग," त्या म्हणाल्या.

तो सूर जगात दुसरीकडे कुठे नव्हता. कॅसेटवर नव्हता, रेकॉर्डवर नव्हता. मी खाकरलो. दिनू गेल्यापासून मी गायलो नव्हतो, आणि आता गाताना आवाज फाटेल, असंच मला वाटत होतं. आमच्या गाण्याची ती वरची ओळ मी डोळे मिटून लावली. आवाज थरथरला, पण चढला. प्रज्ञाने खुंटी पिळायला सुरुवात केली. तार हळूहळू वर येत माझ्या आवाजापाशी आली आणि थांबली. मोबाइलवर सूर चुकल्याचा लाल दिवा लागला होता. प्रज्ञाने मोबाइल उपडा ठेवला.

"काका, थांबू नका," ती म्हणाली. "बाकीच्या लावेपर्यंत धरून ठेवा."

मी सूर धरून ठेवला.