नेट गेलं नव्हतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या नुसत्या खाकरण्यावरून तिला कळतं, हा काहीतरी लपवतोय — तरी नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय का? असेलही.

उपनगरातल्या एका कोर्टात मी क्लार्क होतो. खटला चालू असलेल्या कैद्यांना हल्ली तारखेला आणत नाहीत, तुरुंगातूनच स्क्रीनवर दाखवतात. ते जोडून देणं माझं काम. चेहरा येतो, साहेब मान वर न करता पुढची तारीख देतात, चेहरा जातो. तिकडचा गोंगाट नको म्हणून आवाज आम्ही बंदच ठेवायचो. साहेबांनी काही विचारलं तरच चालू.

सुनीताबाई दर तारखेला यायच्या. घाटकोपरला टेकडीवर राहायच्या, लोकांकडे पोळ्या करायच्या. नवरा रमेश टेम्पो चालवायचा. टेम्पोत चोरीचा माल सापडला म्हणून आत होता. तुरुंगात भेट कधी मिळायची, कधी नाही. म्हणून मी माझा लॅपटॉप जरासा त्यांच्याकडे वळवायचो. नियमात बसत नव्हतं. पण बाई तेवढ्यात नवऱ्याला डोळे भरून बघून घ्यायच्या, आणि मला — खोटं कशाला बोलू — आपण फार भले आहोत असं वाटायचं.

त्या दिवशी रमेश स्क्रीनवर आला आणि पाठमोरा झाला. शर्ट वर केला.

ती पाठ — काय सांगू? काळीनिळी, जागोजाग सोललेली. डाव्या कानाखाली रक्त सुकलेलं. मग वळून तो बोलायला लागला, भराभर, रडत. आवाज बंद होता. साहेब खाली बघून लिहीत होते. माझं बोट माऊसवर. एकदा दाबलं असतं तर अख्ख्या कोर्टानं त्याला ऐकलं असतं. साहेबांना त्याचं म्हणणं लिहून घ्यावं लागलं असतं, डॉक्टरकडे पाठवावं लागलं असतं. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

त्याच्या मागून एक हवालदार पुढे आला. माझ्याकडे बघून त्यानं दोन बोटं कात्रीसारखी हलवली. कट कर.

मी कट केलं.

तो माझा साहेब नव्हता. त्याला मी कधी भेटलोही नव्हतो. माझं काय वाकडं करणार होता तो? नुसत्या दोन बोटांना घाबरलो. संध्याकाळी मुलुंडला सोसायटीची मीटिंग आहे, इथे उशीर नको — हेही मनात आलं होतं. त्याची जास्त लाज वाटते. परत जोडता आलं असतं. मी पुढची फाईल उघडली.

तो पाठमोरा होताच, बाईंना काही दिसायच्या आत, लॅपटॉप मी स्वतःकडे वळवून घेतला होता. सुनीताबाई बाकावरून उठून आल्या. "आज दिसले नाहीत ओ, भाऊ."

"नेट गेलं, ताई," मी म्हणालो.

पुढच्या तारखेला साहेबांनी विचारलं, काही तक्रार आहे का. आवाज मीच चालू केला. प्रश्न दोनदा विचारावा लागला. रमेश म्हणाला, नाही.

मी निवृत्त झाल्यावर कांदिवलीला मुलीकडे गेलो होतो. तिथल्या भाजी मार्केटात दोघं समोर आली. तो निर्दोष सुटला होता. डाव्या कानानं आता काही ऐकू येत नाही, उजव्यानंही कमीच. बाई त्याच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "हेच ते भाऊ. मला तुमचं तोंड दाखवायचे."

त्यानं पिशवी खाली ठेवून मला हात जोडले. म्हणाला, "एकदा मी पाठ दाखवलेली, साहेब. तुमच्याकडे दिसलंच नसेल ना?"

"अहो, नेट गेलेलं तेव्हा," बाईच मोठ्यानं म्हणाल्या. "यांचा काय दोष?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही. मग मी त्याच्या कानाशी वाकलो आणि पुन्हा एकदा, मोठ्यानं, हो म्हणालो.