परक्या लढाईचा संकल्प

कापसाच्या तेजीत वऱ्हाडात शहाणपण सोडून सगळ्यालाच भाव आला होता. अकोटाजवळच्या आमच्या गावात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. बैल मात्र पूर्वीसारखेच चालत. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, त्या साली ज्वारीचं रानही कापसाखाली घातलं. धान्य काय, विकत मिळेल, असं त्याचं म्हणणं. कापूस छान पिकला आणि घरातच राहिला, कारण भाव आणखी चढणार याची दादाला खात्री होती. माघ संपत आला तेव्हा माजघरापासून ओसरीपर्यंत कापूस रचलेला आणि जमिनीतलं ज्वारीचं पेव तळाला गेलेलं.

मी अकोल्याच्या शाळेत मास्तर होतो. सुटीत घरी आलो, तर वहिनीने चुलीपाशीच गाठलं.

"भाऊजी, तुमच्या दादाले सांगा. कापूस आताच इका म्हना अन् ज्वारी आना. पेवात हात घातला तं माती लागून राहिली."

दादा ऐकणाऱ्यांतला नव्हता. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिथला कापूस विलायतेला जात नाही आणि म्हणून आपल्याला भाव आहे, एवढं ज्ञान गावात पोचलं होतं. लढाई थांबली की भावही जाईल, हेही पोचलं होतं. म्हणून ती थांबू नये यासाठी गावाने अनुष्ठान ठरवलं. अचलपूरहून भटजी आणले. यजमान अर्थातच दादा.

संकल्पापाशीच गाडी अडली. भटजींनी मला बोलावलं.

"मास्तर, संकल्पात स्थळ सांगावं लागतं. हा अमेरिका देश कोणत्या द्वीपात येतो?"

"आपल्या पुराणांतल्या सात द्वीपांत नाही येत."

"सातांच्या बाहेर काही नसतंच." थोडा विचार करून त्यांनी अमेरिका क्रौंचद्वीपात टाकली. गोऱ्यांना तिचा पत्ता लागायला शतकं गेली. भटजींचं काम पान लावता लावता झालं. "बरं, जय कोणाचा मागायचा?"

"कोनाचाच नाई," दादा म्हणाला. "कोनी जितला तं आपन मेलो. चालू राहू द्या म्हना."

"शास्त्रात जय आहे, शांती आहे. चालू राहू द्या, असं कुठे नाही."

"नसन तं घाला. दक्षिना कायची देऊन राहिलो मंग?"

मंडळी हसली. शेवटी दोन्ही पक्षांचं बळ वाढावं, असा मजकूर संस्कृतात बसवण्यात आला. ऐकायला फार भारदस्त वाटला.

संकल्पाच्या वेळी बायकोने यजमानाच्या हाताला हात लावायचा असतो. वहिनी नवं लुगडं नेसून, दादाच्या हाताला हात लावून शेजारी बसली होती. तिने मला हळूच विचारलं, "भाऊजी, ते लोक कायच्यासाठी भांडून राहिले?"

वाचलं होतं तेवढं मी सांगितलं. तिथेही कापूस पिकतो. तो वेचणारी माणसं बाजारात दात पाहून विकतात, मायपासून लेकरू तोडून विकतात. ती सुटावीत की नाही, यावरून मुख्य भांडण.

"वेचनाऱ्या बायाबी?"

"बायाही."

वहिनीने हात काढून घेतला.

"लाव नं हात," दादा म्हणाला.

"मी नाई लावत."

"काहून?"

"कोनाची माय सुटू नये म्हनून मी पानी सोडू काय?"

भटजींकडे तोड होतीच: बायको हजर नसेल तर तिच्या जागी सुपारी चालते. दादाने सुपारी कमरेला खोचली आणि वहिनी शेजारी जिवंत बसलेली असताना संकल्प पार पडला.

उन्हाळ्यात लढाई संपल्याची बातमी आली. दादा गाड्या घेऊन अकोल्याला आला. ज्या अडत्यांनी तेजीत हार घालून त्याला गादीवर बसवलं होतं, ते आता ओट्यावरूनच नाही म्हणत होते. गाड्या भरल्या तशाच परत गेल्या. ज्वारी तर बघायला मिळेना. गावोगाव सगळ्यांनीच कापूस पेरलेला. दादाच्या गाड्यांमागोमाग मीही घरी गेलो. वहिनी कापसाच्या ढिगांतून वाट काढत चुलीकडे जाई आणि बरेचदा रिकाम्या हाताने परत येई. बैलांना सरकी होती. घरात त्यांचंच तेवढं बरं चाललं होतं.

"भाऊजी, ते लोक सुटले काय?" तिने विचारलं.

"सुटले म्हणतात."

"बरं झालं," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं.

दादा ओसरीवरून म्हणाला, "मास्तर, दुसरीकडं कुठी लढाई सुरू हाय काय?"

लढायांचा जगात दुष्काळ नव्हता, पण कापसाच्या मुलखात एकही चालू नव्हती. तसं मी सांगितलं. मृगाच्या तोंडावर त्याने पेरणीला पुन्हा कापसाचंच बी काढलं. मी अडवलं नाही. बियाण्याची ज्वारी वहिनीने आदल्या आठवड्यातच दळली होती आणि ती आम्ही खाल्ली होती.