मंगळवारच्या काकू

"मला देवी म्हणू नका गं, आधी भाकरी द्या!" शुद्धीवर आल्या की शेजारच्या काकू असं म्हणायच्या. तोवर त्यांचं अंगण बायकांनी भरलेलं असायचं.

वारूळवाडीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. काकू मंगळवारचा उपास कडक करायच्या. दुपार कलली की त्यांचा पाय एका जागी ठरायचा नाही. ओट्यावरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. मग दरदरून घाम, थरथर, नजर भलतीकडे आणि तोंडात तुटक शब्द. बायका म्हणायच्या, अंगात आलं. कुणी कुंकू लावायचं, कुणी प्रश्न विचारायचं. प्रसादाचा गूळ तोंडात पडला की थोड्या वेळानं देवी निघून जायची. गुळानं देवी कशी जाते, याचं नवल कुणालाच वाटलं नाही. अशा गर्दीत तुम्हीही कधी उभे राहिला असाल. तिथं नवल वाटून घ्यायचं नसतं.

काकूंनी मात्र धसका घेतला होता. "मी काय बोलले गं?" त्या मला विचारायच्या. "माझं मलाच ठावं न्हाई, आन् लोक त्याच्यावर चालत्यात."

मागच्या आळीतल्या एका म्हातारीचा मुलगा भांडून घर सोडून गेला होता. तिनं एका मंगळवारी विचारलं, "माझा ल्योक येईल का?" काकू पुटपुटल्या, "येईल." तेव्हापासून म्हातारी रोज लेकाचं ताट वाढून ठेवायला लागली. हे कळल्यावर काकूंची झोपच उडाली.

एका सकाळी, उपास नसतानाही, चहाच्या आधीच त्या चुलीपाशी कोसळल्या. काकांनी आणि मी दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर पार तळाला गेलेली. डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं.

तिथं तपासणीसाठी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवलं. काकू वॉर्डात येरझारा घालत मला म्हणाल्या, "देवीला दवाखान्यात बोलावलंय बघ." दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच ओळखलं नाही. नर्सनं आधी रक्त घेतलं, मग शिरेतून साखर दिली.

"साखर इतकी उतरल्यावर शरीर इन्सुलिन सोडणं थांबवतं," डॉक्टरांनी समजावलं. "यांचं चालूच आहे. ते तयार करणारी एखादी गाठ असणार."

पण सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसेना. ती रात्र काकूंनी खाटेवर बसून काढली. "सापडंना म्हंजी देवीच असंल का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मग तोंडातून दुर्बीण घालून पोटाच्या आतून सोनोग्राफी केली. स्वादुपिंडात हरभऱ्याएवढी गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि साखर जागेवर आली.

घरी येऊन टाके जरा सुकले, तशा काकू पुन्हा बेचैन. "येईल म्हणाले व्हते ना मी? मग त्याला आणाया नको?" काका कुरकुरत सोबत निघाले. मंचर झालं, पारगावचा साखर कारखाना झाला. शेवटी भीमाशंकरला एका प्रसादाच्या दुकानात म्हातारीचा लेक कामाला दिसला. यायला तयार नव्हता. काकू पुन्हा पुन्हा गेल्या. "माझ्यापायी तुझी आई ताट वाढून बसती रे," त्या त्याला म्हणाल्या. ताटाचं ऐकून त्यानं हातातलं पेढ्याचं खोकं खाली ठेवलं. पुढच्या खेपेला मुकाट्यानं त्यांच्याबरोबर एसटीत बसला.

म्हातारी लेकाला पाहून आधी काकूंच्याच पायाशी वाकली.

"अगं, न्याहारी करून आलेय मी! शुद्धीवर हाय!" काकू मागं सरकत ओरडल्या.

"देवीचा शबूद खरा झाला," म्हातारी म्हणाली.

काकूंनी कपाळावर हात मारला आणि तिला उठवून पोटाशी धरलं.

गेल्या वर्षी काका-काकू लेकीकडे नाशिकला राहायला गेले. घराला कुलूप असतं. तरी एखाद्या मंगळवारी कुणी परगावची बाई नारळ घेऊन दारात उभी राहते. मी बाहेर येऊन सांगते, "त्या आता बऱ्या झाल्यात."

बाई माझ्याकडे बघत राहते. मग नारळ उंबऱ्यावर ठेवते, हात जोडते आणि निघून जाते.